अकरा दिवसांची खोली

ती. आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते असं लिहिणार होते, पण पाय सुजलेत असं तुझ्या मागच्या पत्रात वाचलं, तेव्हा नमस्कार चार बोटं वरून केलाय असं समज. सूज सकाळी असते की संध्याकाळी? (संध्याकाळी असेल तर उभ्याने काम कमी कर, सकाळी असेल तर डॉक्टरांकडे जा. हे ज्ञान माझं नाही, गेल्या वर्षभरात मी दवाखान्याच्या बाकावर इतकी बसले आहे की ऐकून ऐकून अर्धी डॉक्टर झाले आहे.) आतोबांचा खोकला कसा आहे, आणि बातम्या चालू असताना ते अजून टीव्हीशी भांडतात का? भांडत असतील तर तब्येत उत्तम आहे. माझं विचारशील तर मी खुशाल आहे, म्हणजे पत्रात असतात तेवढी. खरं सांगायचं तर मी संतापलेली आहे. संताप तुझ्यावर नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तू इथेच चष्मा काढून डोळे पुसत बसशील आणि पुढचं राहून जाईल.

माझ्या पित्ताशयातल्या खड्यांचं तुला माहीत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढून टाकू, तासाभराचं काम, दुसऱ्या दिवशी घरी. त्या 'घरी' या शब्दाशी सगळं गाडं अडलं. रुग्णालयात एक फॉर्म असतो, सोडल्यावर रुग्ण जाणार कुठे याचा. घर कितव्या मजल्यावर, पायऱ्या किती, शौचालय घरात की बाहेर, सोबत कोण. मी खरं ते लिहिलं. मजला तळाचा, पायऱ्या नाहीत, शौचालय अंगण ओलांडून, सोबत प्लॅस्टरची पोती. खिडकीतल्या माणसाने फॉर्म परत केला आणि पोत्यांशी नातं काय ते लिहा म्हणाला. (तो विनोद करत नव्हता, त्याला 'सोबत' या रकान्यापुढे 'नातं' हा रकाना भरून हवा होता.) तर मी दातांच्या लॅबच्या कोठारात झोपते, हे त्यांना पटलं नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर तिथे जाऊन झोपणं तर डॉक्टरीणबाईंना मुळीच मान्य नाही. जखमेला धूळ चालत नाही, आणि आमच्या कोठारात धुळीशिवाय दुसरं काही नाही.

कोठारात कशी आले ते तुला फोनवर अर्धंच सांगितलं होतं. जुन्या घरमालकाने सहा वर्षं मला ताई म्हटलं. मग माझी कागदपत्रं बदलून आली, तोवर तोंडी असलेला भाडेकरार आता कागदावर आणू या म्हणून मी भोळेपणाने ती, जुनं नाव असलेल्या राजपत्रासकट, त्याच्यापुढे ठेवली, आणि त्यावरून त्याला कळलं की ही ताई जन्मापासून ताई नव्हती. आठवड्याच्या आत त्याने घराला रंग द्यायचं काढलं. तेरा महिने झाले, तो रंग अजून वाळलेला नाही. आमच्या लॅबच्या म्हाताऱ्या मालकांनी कोठाराची किल्ली दिली म्हणून मी रस्त्यावर आले नाही. पण तिथे चूल नाही, म्हणून रोज बाहेर खाणं, बाहेरचं म्हणजे तेलकट, तेलकट म्हणजे बरगडीखाली कळ, आणि कळ म्हणजे पुन्हा दवाखाना. तिथे दर वेळी तोच सल्ला, बाहेरचं खाऊ नका, घरचं खा. कोणाच्या घरचं, हे मी एकदा विचारलं तर आहारतज्ज्ञ बाईंनी तोच तक्ता पुन्हा हातात दिला.

आता तू म्हणशील, तो नवा कायदा आला ना. आला. कोणी ट्रान्सजेंडर आहे एवढ्याच कारणावरून त्या माणसाला घर नाकारता येणार नाही, नाकारलं तर दंड, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मी तो कागद तीनदा वाचला आणि खोटं कशाला बोलू, वाचताना रडलेसुद्धा. कायद्याने फरक पडला, नाही असं नाही. पूर्वी मला अर्ध्या मिनिटात दारातून घालवत. आता आत बोलावतात, पंखा लावतात, चहा देतात, खोली दाखवतात, नळ सोडून पाणी कसं येतं ते दाखवतात आणि तासाभराने म्हणतात की पुतण्या येतोय. आत्या, या शहरातल्या यच्चयावत घरमालकांना एकेक पुतण्या आहे आणि ते सगळे याच महिन्यात परत येताहेत. एका गृहस्थांना मी पंधरा दिवसांनी बाजारात गाठून विचारलं, पुतण्या पोचला का नीट? तर ते म्हणाले, कोण पुतण्या? मी म्हटलं, माझ्या खोलीत राहतो तो. त्यावर त्यांनी भाजीची पिशवी उचलली आणि चालायला लागले.

आमचा एजंट (त्याला मी दोनमिनिटवाला म्हणते, कारण कुठलंही घर कुठूनही दोन मिनिटांवर असतं) मनाने वाईट नाही. त्याने मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, ताई, घर बघायला जाताना तुम्ही जरा कमी दिसा. मी विचारलं, कमी म्हणजे कसं. तर म्हणाला, उंची थोडी कमी, आवाज थोडा कमी, हात पदराखाली. आता तुला माझे हात माहीत आहेत, आपल्या घराण्याचेच हात, तुझेही तसेच आहेत. तुला कधी कोणी ते लपवायला सांगितलं का? मी घरी आले (म्हणजे कोठारात) आणि एक मेणाचा साचा उगाचच ठोकून सरळ केला. तो आधीच सरळ होता.

दातवाल्या गृहस्थांचं तुला सांगायलाच हवं, कारण तो प्रकार माझ्याशिवाय जगात कोणाच्या वाट्याला आला नसेल. तुला माहीत आहे, आमच्या कामात माणूस दिसत नाही. डॉक्टरांकडून जबड्याचं माप येतं, सोबत एक चिठ्ठी, मी कवळी करून पाठवते. पण तोंड मात्र मला पाठ असतं, कोणाचा हिरडीचा उंचवटा कुठे, कोण कुठल्या बाजूने चावतं, सगळं. तर हे गृहस्थ दार उघडून 'या, या' म्हणाले आणि मी त्यांच्या तोंडात बघतच राहिले. वरची पूर्ण कवळी, पुढचा डावा दात मुद्दाम जरासा वाकडा, त्यांच्या लग्नातल्या फोटोत होता तसा. तो मी तीन दिवस मेणात बसवला होता. खोलीबिली विसरून मी पहिलं काय विचारलं असेल तर, मागचं डावीकडे टोचतं का अजून? गृहस्थ चाट पडले. मग उलगडा झाल्यावर असे खूश झाले की विचारू नकोस, बायकोला हाक मारली, बिस्कीट करकचून चावून दाखवलं, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले की तुमच्यामुळे मी पुन्हा माणसात आलो. खोली छान होती. पूर्वेला खिडकी, ओटा, आत मोरी. मग बायकोने त्यांना आत बोलावलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांनाही पुतण्या झालेला होता.

मला राग कशाचा आला सांगू? 'नाही' काय, बोळक्या तोंडानेही म्हणता येतं. पण 'पुतण्या'तला 'त' दातांशिवाय स्पष्ट उमटत नाही. तो त्यांना मी मिळवून दिला होता. पुढच्याच महिन्यात त्यांची कवळी मधोमध तडा जाऊन माझ्या टेबलावर दुरुस्तीला आली. मी ती हातात घेऊन बराच वेळ बसले. एक कणभर उंची मागे वाढवली असती तर गृहस्थांना सहा महिने धड घास चावता आला नसता आणि जगातल्या कुठल्याही डॉक्टरला कारण सापडलं नसतं. नाही केलं. उलट अशी चोख बसवून पाठवली की आता ते आणखी स्वच्छ खोटं बोलू शकतील. (हे मोठेपण नव्हे. बिघडलेलं काम माझ्या हातून बाहेर जात नाही, एवढंच. मोठेपणाचा आता मला मनापासून कंटाळा आला आहे.)

या सगळ्याचा हिशेब रक्तदाबाने ठेवला. शस्त्रक्रियेच्या पहिल्या तारखेला भूल देणाऱ्या डॉक्टरांनी यंत्र लावलं आणि टेबलावरून परत पाठवलं, आधी हे खाली आणा म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी मला वही घालायला सांगितली, रोजचा दाब आणि त्या दिवशी काय केलं ते. लॅबशेजारी दाताचा दवाखाना आहे, तिथली नर्स रोज दुपारी मोजते. महिन्याने डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. मिठाचं नाही, चहाचं नाही, जिथे जिथे 'घर पाहिलं' असं लिहिलंय तिथे तिथे आकडा छपराला. त्या सहसा चिडत नाहीत, पण त्या दिवशी चिडल्या आणि औषधाच्या चिठ्ठीवर दोन गोळ्यांच्या खाली लिहिलं, 'एक खोली, आतून कडी लागणारी, रोज, आयुष्यभर'. मीही हट्टाने ती चिठ्ठी औषधाच्या दुकानात नेली. दुकानदाराने गोळ्या काढून दिल्या, तिसरी ओळ चष्मा वर करून वाचली आणि हे आमच्याकडे येत नाही म्हणाला. मग म्हणाला, कुठे मिळालं तर मलाही सांगा, भाऊ वेगळा व्हायचं म्हणतोय.

आणि मग मिळाली. टायपिंगचे वर्ग चालवणाऱ्या एक बाई, एकट्या, वरच्या मजल्यावर एक खोली. त्यांनी माझं ओळखपत्र पाहिलं, त्यावरचं नाव वाचलं, काय काम करता विचारलं, आणि किल्ली दिली. बाकी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. (का सांगावं? भाडेकरू होताना तू कधी कोणाला जन्मकथा सांगितलीस?) अकरा दिवस राहिले मी तिथे. भाजी शिजवली. दार आतून लावलं आणि नुसती दाराकडे बघत बसले. चौथ्या दिवशी नर्सने दाब मोजला, एकशे वीसवर ऐंशी, तर तिने यंत्र झटकलं आणि दुसरं आणून पुन्हा मोजला. तेवढाच. पुढचे सात दिवस तेवढाच. तीच मी, तेच खडे, त्याच गोळ्या. डॉक्टरीणबाईंनी आनंदाने नवी तारीख दिली, या महिन्याची सव्वीस, आणि फॉर्मवर मी झोकात लिहिलं, पहिला मजला, पायऱ्या चौदा, शौचालय आत. बाराव्या दिवशी बाईंनी किल्ली परत मागितली. का मागितली ते पुढे सांगते.

पुन्हा कोठार. त्याच आठवड्यात रात्रपाळीला असल्यासारखं सारखं उठून उलट्या झाल्या, सकाळी आरशात डोळे पिवळे. खडा नळीत उतरला होता. तो आपला आपण सटकला म्हणून वाचले. पुढच्या वेळी सटकेलच असं नाही, आणि सव्वीस चुकली तर ही दुसरी तारीखही जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मला आजार म्हणशील तर खड्यांचा आहे, पण माझा जीव जाणार असेल तर तो पुतण्यांपायी जाणार आहे, आणि ते दाखल्यावर कोणी लिहिणार नाही.

म्हणून तक्रार केली. घरांच्या तक्रारी निवारणाच्या कचेरीत, दुसरा मजला. तक्रारीच्या अर्जात पहिलाच रकाना 'अर्जदाराचा राहता पत्ता'. मी कोठाराचा लिहिला तर कारकून म्हणाला, हा निवासी पत्ता नाही. मी म्हटलं, तीच तर तक्रार आहे. तो म्हणाला, पण पत्ता नसेल तर सुनावणीची नोटीस कुठे पाठवू. मी म्हटलं, मी तुमच्यासमोर उभी आहे, हातात द्या. असं हातात देता येत नाही म्हणे. आमचा आवाज चढला तेव्हा आतून अधिकारी बाई आल्या. कामाची बाई आहे. उभ्या उभ्या सगळं ऐकलं, नोटीस स्वतः लिहिली, हातात दिली, आणि सांगितलं की माझं म्हणणं सिद्ध झालं तर सात दिवसांत खोली परत देण्याचा हुकूम त्या काढू शकतात. सुनावणी या मंगळवारी अकरा वाजता. म्हणजे सगळं जुळलं तर सव्वीसच्या आत मी त्या खोलीत असेन.

असं आहे सगळं. तुला वाचून वाईट वाटेल, पण वाटू दे थोडं. पायाखाली उशी घे, आतोबांना खोकल्याचं औषध चमच्याने मोजून दे, आणि माझी काळजी करू नकोस.

तुझी,
भाची

ता. क. काळजी करू नकोस हे सवयीने लिहिलं, ते खोडलं असं समज.

ता. क. दुसरा. वर तुझ्यावर राग नाही असं लिहिलंय, तेही खरं नाही. खोली मिळाल्याच्या आनंदात पहिल्याच दिवशी मी पत्ता कळवला तो तुला. तू स्वेटर पाठवलास. स्वेटर अंगाला इतका नीट बसला की मी अजून तोच घालून बसले आहे. पण पार्सलवर तू, टपालवाल्याला दिसावं म्हणून आतोबांचा जाड मार्कर घेऊन, गल्लीच्या टोकावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत माझं जुनं नाव लिहिलंस. ते बाईंच्या हातात पडलं. आधी त्यांना वाटलं मी खोलीत पुरुष ठेवलाय. हे कोण, म्हणून विचारलं. मी थकले होते, मी म्हटलं, ती मीच. त्यांचा चेहरा असा झाला की खोलीत खरंच एखादा पुरुष निघाला असता तर त्यांना हायसं वाटलं असतं. आता त्या कचेरीत सांगताहेत की नकार मी कोण आहे यासाठी नाही, मी खोटं नाव सांगितलं यासाठी आहे. ओळखपत्र दाखवलं तर म्हणतात, कागद काय, कोणीही करून आणतो, हिच्या घरचेच हिला या नावाने ओळखत नाहीत, मग मी का ओळखू. आणि आत्या, त्यांच्या हातात पुरावा म्हणून तुझ्या पार्सलचा कागद आहे.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं तर याच्यासाठी आहे. अधिकारी बाई म्हणाल्या, घरचं एक माणूस येऊन बोललं तर तो कागद निकालात निघेल. दादाला फोन केला, तो उचलत नाही. घरचं म्हणून मला पत्र लिहिणारी तू एकटी आहेस. मंगळवारी अकराला ये. पायांची सूज मला ठाऊक आहे, जिना चढवायला मी खाली उभी राहीन. तुला तिथे एवढंच सांगायचंय की ही माझ्या भावाची मुलगी आणि हिचं नाव अमुक. फोनवर तू मला चार वर्षं बाळ म्हणतेस, एकेचाळिसाव्या वर्षी, आणि मी ते चालवून घेतलं, कारण तू निदान फोन तरी करतेस. पण त्या अर्जात बाळ चालत नाही. ते जुनं नाव तू ठेवलंस, तुला ते सोडवत नाही, हेही मला कळतं. हे नाव मी ठेवलं तेव्हा खोलीत मी एकटी होते, ते पहिल्यांदा मोठ्याने मीच मला म्हणून दाखवलं. पाकिटाच्या मागे ते लिहिलंय. ये आणि चार लोकांत तुझ्या तोंडाने म्हण.